सेट कोणी जाळला?

आमच्या पोंभुर्ण्याच्या घरी संध्याकाळी सात वाजले हे कळायला घड्याळ लागत नाही. ट्यूबलाइट डोळे मिचकावते पण पेटत नाही, पंखा हवा घालायची सोडून नुसती हजेरी लावतो, आणि बाबांचा सेट रडायला लागतो. "लाइन डिम झाली," एवढे म्हणून आई कामाला लागते. लहानपणापासून हेच बघत आल्यामुळे यात शिकण्यासारखे काही आहे असे मला कधी वाटले नव्हते. ते एका मिस्त्रीमुळे कळले, आणि तेही मी त्याला नको ते बोलून बसल्यावर.

सेट म्हणजे काही मोठी गोष्ट नाही. लाकडी पेटीत बसवलेला असेंबल केलेला अँप्लिफायर, आत १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, दोन चॅनेलसाठी टीडीए २०३० हे दोन आयसी, ८ ओहमचे दोन स्पीकर, आणि पुढे ब्लूटूथ-पेन ड्राइव्हची पट्टी. बाबांनी धानाच्या पैशातून घेतलेला. सकाळी आकाशवाणी चंद्रपूर आणि रात्री पेन ड्राइव्हवरची भजने, हा त्यांचा नेम. भजने ऐकता ऐकता ते झोपी जातात. भजने संपतात, सेट मात्र सकाळपर्यंत चालूच राहतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एका वर्षात या सेटचे आयसी तीनदा गेले. दर वेळी गावातल्याच मिस्त्रीने बदलून दिले. तिसऱ्या वेळी बाबा चिडले. मी दुसरे वर्ष नुकतेच संपवून घरी आलो होतो, त्यामुळे अंगात डेटाशीट संचारले होते. मी त्यांना सरळ म्हणालो, "काका, हा आयसी इतक्या सहज मरत नाही. यात शॉर्ट सर्किट प्रोटेक्शन आहे, थर्मल शटडाउन आहे. तुम्ही डुप्लिकेट माल घालता." दुकानात आणखी दोन गिऱ्हाइके होती. मिस्त्री रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "भाऊ, हा आयसी गाना वाजतानी नाही मरत. रातीच मरते. सकारी चालू कराले गेलं का मेलेला रायते."

मला हसू आले. रात्री मरणारा आयसी ही तर भुताची गोष्ट झाली! आम्ही पैसे दिले, सेट उचलला आणि घरी आलो. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

आठ दिवसांची वही

दिवाळीच्या सुट्टीत मी एक काम केले. कॉलेजच्या लॅबमध्ये वापरतो तसा साधा डिजिटल मल्टिमीटर घेतला, तो एसी ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवला आणि दिवसातून सहा वेळा घरातल्या बोर्डाचे रीडिंग वहीत लिहू लागलो. (हे करताना मीटरची रेंज आणि वायरी दोनदा तपासा. करंटच्या रेंजवर ठेवून मेन्सला लावलेला मीटर हा तुमचा शेवटचा प्रयोग ठरू शकतो.)

दुपारी २२० ते २३० च्या दरम्यान. संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत घसरत घसरत १६८ पर्यंत. आणि रात्री दोनला, सगळे गाव झोपलेले असताना, २६२! मी दोनदा डोळे चोळून बघितले. आमच्या घरात व्होल्टेज कमी असते हे सगळ्यांना माहीत होते. ते रात्री जास्त असते हे कोणालाच माहीत नव्हते, कारण ते बघायला जागे कोण असते?

भारतीय वीज नियम, १९५६ मधल्या नियम ५४ प्रमाणे लघुदाबाचा पुरवठा जाहीर दाबापेक्षा ६ टक्क्यांहून जास्त खाली-वर होऊ नये असे होते. त्या नियमांची जागा पुढे नव्या नियमांनी घेतली, पण फूटपट्टी म्हणून तीच धरू. २३० व्होल्टचे ६ टक्के म्हणजे साधारण १४. म्हणजे २१६ ते २४४ हा झाला सभ्य पुरवठा. आमची वही दोन्ही बाजूंनी या कुंपणाबाहेर जात होती.

असे का होते?

आमचा जिल्हा विजेचा जिल्हा. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राजवळून मुंबईकडे पडघ्यापर्यंत जाणारी ±५०० केव्ही डीसी लाइन १९९९ मध्ये सुरू झाली. ७५२ किलोमीटर लांब आणि १५०० मेगावॅट क्षमतेची. एवढ्या लांब वीज नेता येते, कारण दाब प्रचंड ठेवला की त्याच शक्तीसाठी करंट कमी लागतो, आणि तारेतली घट करंटवर ठरते. आता शेवटच्या अर्ध्या किलोमीटरचे उलटे गणित बघा. डीपीपासून आमचे घर लाइनीच्या शेवटच्या खांबावर. दाब फक्त २३०, म्हणून करंट जास्त. समजा जाऊन-येऊन तारेचा रोध ०.९ ओहम आहे आणि संध्याकाळी त्या फेजवर ३० अँपिअर चालले आहेत. घट झाली २७ व्होल्ट. त्यात डीपीच्या आतली घट, सैल जोड आणि ११ केव्ही लाइनवर आधीच झालेली घट मिळवा. ७५२ किलोमीटर पार करणे सोपे, शेवटचे ५०० मीटर कठीण, असा हा प्रकार आहे.

मग रात्री २६२ कुठून आले? वितरण ट्रान्सफॉर्मर ११ केव्ही ते ४३३ व्होल्ट असा असतो. ४३३ भागिले १.७३२ म्हणजे फेज ते न्यूट्रल बरोबर २५० व्होल्ट. म्हणजे लोड नसताना त्याच्या दारात २५० असतातच, लोड आल्यावर उतरून २३० व्हावेत हा हेतू. शेवटच्या घरांना संध्याकाळी काहीतरी मिळावे म्हणून टॅप एक घर वर ठेवलेला असेल, तर त्यात ५ टक्क्यांपर्यंत भर पडते. २५० चे ५ टक्के साडेबारा. झाले २६२! संध्याकाळच्या आजारावर दिलेले औषध रात्री विष होते ते असे.

कमी व्होल्टेज : आवाज बिघडतो

आता सेटच्या आत जाऊ. १२ व्होल्टच्या वाइंडिंगचा शिखर दाब १२ × १.४१४ म्हणजे १७ व्होल्ट, डायोडचे ०.७ वजा करता साधारण १६ व्होल्टचा पुरवठा आयसीला दोन्ही बाजूंनी मिळतो. मेन्स १६८ झाले की हाच पुरवठा पावणेबारा व्होल्टवर येतो. आयसी स्वतःसाठी दोन-अडीच व्होल्ट राखून ठेवतो. उरलेल्यातून ८ ओहमच्या स्पीकरला २३० वर सुमारे १२ वॅट मिळत होते, १६८ वर ५ वॅटच्या आसपास मिळतात.

गंमत अशी की १२ चे ५ वॅट झाले तरी कानाला फारसे कळत नाही. डेसिबलमध्ये हा फरक साडेतीन-चारच्या घरात जातो. कळते ते दुसरेच. ढोलकीचा ठोका किंवा गायकाचा चढा सूर आला की लहरीची टोके वर छताला आपटतात आणि सपाट होतात. यालाच क्लिपिंग म्हणतात. आवाज भसाडा होतो, माणूस म्हणतो "आवाज कमी पडून रायला" आणि व्हॉल्यूम आणखी वाढवतो. त्याने क्लिपिंग आणखी वाढते. सपाट झालेल्या लहरीत मूळ गाण्यात नसलेल्या वरच्या कंपनसंख्या तयार होतात आणि त्या सगळ्या बिचाऱ्या ट्वीटरच्या वाट्याला जातात. डिम लाइनवर फुल व्हॉल्यूम ठेवणाऱ्यांचे ट्वीटर आधी का जळतात, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

दुसरा प्रकार म्हणजे घुमणे. टोन कंट्रोलच्या बोर्डाला ७८१२ रेग्युलेटर असतो. १२ व्होल्ट स्थिर द्यायला त्याला आत साधारण १४ लागतात. पुरवठाच पावणेबारा असेल तर तो रेग्युलेटर उरतच नाही, नुसती वायर होतो. मग फिल्टर कपॅसिटरवरची लहर थेट आवाजात उतरते. ही लहर किती असते? ४७०० मायक्रोफॅरड आणि १ अँपिअर धरले तर सुमारे २ व्होल्ट. कपॅसिटर जुना होऊन सुकला असेल तर त्याहून जास्त.

इथे घरच्या घरी करण्याजोगी एक चाचणी सांगतो. व्हॉल्यूम शून्यावर न्या. तरी घुमत असेल तर दोष बहुतेक पॉवर सप्लायच्या बाजूचा. फुल वेव्ह रेक्टिफायरमुळे ते घुमणे १०० हर्ट्झचे असते, थोडे चिरके. व्हॉल्यूमबरोबर घुमणे कमी-जास्त होत असेल तर ते इनपुटकडून येते आहे. बहुतेक वेळा ते ५० हर्ट्झचे, जाडसर, आणि कारण म्हणजे केबलचे शील्ड तुटणे किंवा टीव्ही, डिश आणि सेट यांच्यात झालेला ग्राउंड लूप. यावर स्टॅबिलायझर घेऊन काही उपयोग नाही.

जास्त व्होल्टेज : सेट मरतो

कमी व्होल्टेजने आपले गाणे खराब केले, पण आयसी मारला नाही. मग कोणी मारला?

टीडीए २०३० च्या डेटाशीटमध्ये पुरवठ्याची कमाल मर्यादा ±१८ व्होल्ट दिली आहे. मी दुकानात डेटाशीटचे नाव घेऊन भांडलो होतो, पण ही ओळ वाचली नव्हती. आता हिशेब करा. २६२ व्होल्टला १२ चे होतात १३.७, शिखर १९.३, डायोड वजा जाता १८.६. मर्यादा इथेच ओलांडली. आणि अजून एक गोष्ट आहे. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ व्होल्ट हे पूर्ण लोडचे असतात. लोड नसताना लहान ट्रान्सफॉर्मर सहज १० टक्के जास्त देतो. म्हणजे गाणे बंद, सेट चालू, रात्रीचे दोन वाजलेले, अशा वेळी आयसीवर साडेवीस व्होल्टच्या आसपास! कमाल मर्यादा ओलांडली म्हणजे आयसी त्याच क्षणी फुटतो असे नाही. काही रात्री निघतात, एखादी निघत नाही.

गाणे वाजताना तो का मरत नव्हता, हेही यातच आले. गाणे संध्याकाळी वाजायचे, तेव्हा व्होल्टेज कमी, आणि लोडमुळे ट्रान्सफॉर्मरही खाली. मारेकरी यायचा सगळे शांत झाल्यावर. रातीच मरते. मिस्त्रीचे वाक्य अक्षरशः खरे होते. त्यांच्याकडे निरीक्षण होते, माझ्याकडे सूत्र होते, आणि मी त्यांचे निरीक्षण हसण्यावारी नेले होते.

न्यूट्रल तुटला

हे सगळे गणित मांडून झाले तो वहीचा सहावा दिवस. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे जायचे असे ठरवले. पण त्याच संध्याकाळी वाऱ्याने फांदी लाइनीवर घासली आणि न्यूट्रलची तार जोडातून निघाली. आमच्या घरातला बल्ब एकदम पांढराशुभ्र झाला. मीटर बोर्डाला लावलेलाच होता. आकडा ३१० च्या पुढे गेलेला मी पाहिला आणि मेन स्विचकडे पळालो. पाच-सात सेकंद गेले असतील. तेवढ्यात बल्ब फुटला आणि सेटमधून तो ओळखीचा वास आला. फ्यूज मात्र शाबूत!

आमच्या मागच्या घरी त्याच वेळी पाणी तापवायचा रॉड लावलेला होता. त्यांच्याकडे दिवे विझल्यासारखे झाले, पण काहीही जळले नाही. "ह्यांच्यानं एवढा मोठा रॉड लावला अन् जळला आमचा सेट?" आईचा प्रश्न. प्रश्न अगदी बरोबर होता आणि उत्तर ओहमच्या नियमात आहे.

तीन फेजमध्ये दोन फेजमधला दाब ४०० व्होल्ट. न्यूट्रल शाबूत असतो तोवर प्रत्येक घराला २३०. न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरे एकामागे एक जोडली जातात आणि ४०० व्होल्ट आपसात वाटून घेतात. सोपे करण्यासाठी दोनच घरे धरू. एका घरी १००० वॅटचा रॉड, म्हणजे सुमारे ५३ ओहम. दुसऱ्या घरी १०० वॅटचे दिवे आणि सेट, म्हणजे सुमारे ५२९ ओहम. सिरीजमध्ये जास्त रोधाला जास्त व्होल्टेज. रॉडवाल्याला मिळाले ३६ व्होल्ट आणि दिवेवाल्याला ३६४! प्रत्यक्षात घरे अनेक असतात, त्यामुळे आकडे बदलतात, तत्त्व तेच. ज्याच्या घरी लोड कमी त्याच्याच वस्तू जळतात. काटकसर करणाऱ्यालाच शिक्षा, असा हा उलटा न्याय.

आणि फ्यूज का नाही उडाला? फ्यूज करंट ओळखतो, व्होल्टेज नाही. सेट आधी जळतो, शॉर्ट होतो, मग करंट वाढला तर फ्यूज उडतो. म्हणजे तो घराला आगीपासून वाचवायला आहे, सेटला मरणापासून नाही. "फ्यूज आहे ना, काही होत नाही," हे बाबांना मीच सांगितले होते, तेही कबूल करून टाकतो.

नवे सेट सुटले का?

हॉस्टेलवरचे मित्र म्हणतील, आमचा साउंडबार १०० ते २४० व्होल्टवर चालतो, आम्हाला काय त्याचे? अर्धे खरे आहे. एसएमपीएस असलेला सेट १६८ वर कुरकुर न करता वाजतो. फक्त तेवढीच शक्ती घेण्यासाठी तो जास्त करंट ओढतो, म्हणजे डिम लाइन आणखी डिम करायला हातभार लावतो. पण वरच्या बाजूला तोही नाजूकच. त्याच्या आत मेन्स सरळ रेक्टिफाय होऊन ४०० व्होल्टच्या कपॅसिटरवर बसते. २६४ ला ३७३ व्होल्ट, ठीक. ३०० ला ४२४ व्होल्ट, आणि कपॅसिटरची टोपी वर येते. म्हणजे नवा सेट डिम लाइनला जिंकतो आणि तुटलेल्या न्यूट्रलला हरतो.

मग करावे काय?

पहिले, आधी मोजा, मग खर्च करा. संध्याकाळी सातला आणि रात्री दोनला, दोन्ही वेळा. दुसऱ्या रीडिंगसाठी एक रात्र झोपमोड करावी लागेल. परीक्षेच्या काळात ती आपोआप होतेच.

दुसरे, ऐकून झाले की सेट बोर्डाच्या बटनापासून बंद करा. यात पैसा लागत नाही, आणि आमच्या सेटचे तिन्ही आयसी एवढ्याने वाचले असते.

तिसरे, स्टॅबिलायझर घ्यायचा तर त्यात वरच्या दाबाला तोडणारा हाय कट-ऑफ आहे का, हे आधी विचारा. साधा रिले स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्याने टॅप बदलतो. दर बदलाला "टक्" होते आणि स्पीकरमध्ये ठप्प असा आवाज येऊ शकतो. सर्व्हो स्टॅबिलायझर सफाईने चालतो, पण त्याची मोटर फिरेपर्यंत वेळ जातो. अचानक आलेल्या ३०० पुढे दोघांचा भरवसा धरू नये. त्यासाठी ठरावीक मर्यादेच्या वर किंवा खाली लाइन तोडणारा आणि काही वेळ थांबून परत जोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर मिळतो. आकडाही दाखवतो. घरात एकच वस्तू घ्यायची असेल तर मी हीच घेईन.

चौथे, फ्यूजच्या पुढे २७५ व्होल्ट एसीचा एमओव्ही लावा. तो मायक्रोसेकंदाच्या झटक्यांसाठी आहे. सतत चढलेल्या दाबात तो स्वतःच तापून जळतो, म्हणून फ्यूजशिवाय लावू नका. आणि वीज कडाडायला लागली की एमओव्हीच्या जिवावर बसू नका. सेटचा प्लग काढा, टीव्हीकडून आणि डिशकडून येणारी वायरही काढा. वीज कोणत्या दाराने येईल ते आपल्याला विचारून येत नाही.

पाचवे, आणि सर्वांत महत्त्वाचे. शेजाऱ्याने मोठे लोड टाकल्यावर आपला दिवा थोडा मंद झाला तर ती साधी घट आहे. पण आपला दिवा उजळ झाला तर न्यूट्रल सैल आहे असे समजा. ताबडतोब मेन स्विच बंद करा आणि लाइनमनला बोलवा. खांबावर किंवा डीपीवर स्वतः हात घालू नका. न्यूट्रल गेला म्हणून अर्थिंगच्या वायरीवर घर चालवण्याचा जुगाड काही ठिकाणी करतात, तो तर कधीच करू नका. त्या वायरीला जोडलेले प्रत्येक लोखंडी पत्र्याचे यंत्र मग जिवंत होऊ शकते. सेट परत घेता येतो, माणूस नाही.

मिस्त्रीच्या दुकानात

दुसऱ्या दिवशी मी सेट आणि वही घेऊन दुकानात गेलो. बाबाही आले. मी रीडिंग दाखवले, ±१८ ची ओळ दाखवली आणि म्हणालो, "काका, माल तुमचा बरोबर होता. चूक आमची होती. तुम्ही रात्रीचं सांगितलं तेव्हाच मी ऐकायला पाहिजे होतं." मिस्त्रींनी वही हातात घेतली, रात्री दोनच्या रकान्यावर बोट ठेवले आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मले माहीत होतं रातीच मरते. काऊन मरते ते आज समजलं."

त्यांनी आयसी काढले. त्याच पायांचा, पण ±२५ व्होल्टपर्यंत सहन करणारा टीडीए २०५० बसवायचा, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवले. आता सेटच्या शेजारी व्होल्टेज प्रोटेक्टरचा लाल आकडा जळतो आणि बाबा भजने संपायच्या आधीच बटन बंद करून झोपतात. लाइन अजूनही सातला डिम होते, आणि गाणे थोडे रडतेच. तेवढे चालायचे.

आपण इंजिनिअर होऊन उद्या कुठल्या ना कुठल्या मिस्त्रीसमोर, लाइनमनसमोर, ऑपरेटरसमोर उभे राहणार आहोत. तो म्हणेल ते आपल्या सूत्रात बसणार नाही. अशा वेळी हसण्याआधी मीटर लावून बघावा, एवढेच मी या जळालेल्या सेटकडून शिकलो.

(तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी)